‘सोयीने’ या एका शब्दाबद्दल: ‘त्रस्त पाहुणा’ यांना उत्तर

‘त्रस्त पाहुणा’, नमस्कार.

होस्टसाठी, म्हणजे पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्यांसाठी, लिहिलेल्या डिपॉझिट आणि नुकसानभरपाईवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांना खाली जाऊन शोधायला लागू नये म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. होस्ट लोक डिपॉझिटकडे वरकमाई म्हणून बघतात. ‘झीज कुठली आणि नुकसान कुठलं हे तुम्ही लोक सोयीने ठरवता.’ फोटोवरची तारीख कोणीही बदलू शकतो. पैसे परत यायला आठवडे लागतात. बेसिनच्या एका टवक्यापायी तुमच्याकडे अख्ख्या बेसिनची किंमत मागितली गेली. आणि माझा लेख ‘लांबलचक व आत्मसंतुष्ट’ आहे.

लांबलचक आहे, मान्य. आत्मसंतुष्टचं तुमचं तुम्ही बघा.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो. ‘तारीख-वेळ छापणाऱ्या ॲपने फोटो काढा म्हणजे पुरावा पक्का’ असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. छापलेली तारीख फोनच्या घड्याळावरून येते, आणि घड्याळ मागेपुढे करायला अर्धं मिनिट लागतं. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहितीही बदलता येते, शिवाय बरीच मेसेजिंग ॲप फोटो पाठवताना ती काढूनच टाकतात. पक्कं काय, तर गेस्ट येण्याआधी घर तयार झालं की त्याच दिवशी फोटो बुकिंगच्याच चॅटमध्ये टाकायचे. तिथली वेळ सर्व्हरची असते, होस्टच्या हातातली नसते. सोबत दारापासून सुरू करून एकही कट न घेता काढलेला तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, आणि मूळ फाइल न छाटता ठेवलेली. मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे. याबद्दल आभार, मनापासून.

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. ‘तुम्ही लोक’ म्हणालात. ज्या लेखात टॉवेल, चादरी, ग्लास यांचा क्लेम होस्टने करूच नये, तो धंद्याचा खर्च आहे, असं ठळक अक्षरात लिहिलंय, त्याच लेखाखाली तुम्ही मला वरकमाईवाल्यांच्या रांगेत उभं केलंत. नऊ वर्षं मी होस्ट आहे आणि दर चेकआउटनंतरची पाहणी स्वतः करतो. ‘सोयीने’ हा शब्द त्यामुळेच लागला. नुसतं ‘फरक कसा ठरवता?’ असं विचारलं असतंत तर हेच उत्तर गोड शब्दांत मिळालं असतं. आता जसं येईल तसं घ्या.

झीज की नुकसान, हे होस्टच्या मनावर नसतं. वस्तूवरचा डाग किंवा चरा स्वतःच सांगतो, फक्त जवळ जाऊन बघावं लागतं.

लाकडी टेबलावरचं गोल वलय घ्या. ओला किंवा गरम पेला ठेवला की उमटतं. वलय पांढुरकं असेल तर ओल वरच्या पॉलिशच्या थरात अडकलेली असते, लाकूड शाबूत असतं. वर कोरडं सुती कापड ठेवून कमी आचेची इस्त्री, वाफ बंद करून, काही सेकंद फिरवायची, उचलून बघायची, पुन्हा फिरवायची. बहुतेक वेळा वलय जातं. यासाठी गेस्टकडे एक पैसाही मागणं म्हणजे निलाजरेपणा. वलय काळं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी पॉलिश ओलांडून लाकडात गेलंय. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोहाचा अंश यांची पाण्यात प्रक्रिया होऊन ते काळं पडतं. तिथे घासून पुन्हा पॉलिशच करावं लागतं. तरीही थांबायचं. काळं वलय एका रात्रीत क्वचितच होतं. पॉलिश आधीच विरलं होतं का? शेजारी फिकट, जुनी वलयं आहेत का? असतील तर शेवटच्या गेस्टच्या गळ्यात सगळं घालता येत नाही.

जमिनीवरचे चरे. माणसं चालून-चालून येणारी झीज रुंद असते, कडा विरळ, दारापासून पलंगापर्यंतची वाट तेवढी मंद दिसते. सामान ओढल्याचा चरा एकच, सरळ, कुठेतरी अचानक सुरू होऊन अचानक संपणारा. नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर चरा वरच्या थरातून आत गेलाय. नाही अडकलं तर पुसून, थोडं पॉलिश लावून विषय संपवा. फोटो काढताना वरचा दिवा बंद करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा. समोरून फ्लॅश मारला तर खोल चराही दिसत नाही, आणि मग होस्ट ‘फोटोत नीट आलं नाही, पण आहे’ असं सांगत बसतो.

भिंतीबद्दल मात्र होस्टच्या बाजूचंही ऐका. खिळा ठोकून पडलेलं भोक बुजवून तेवढ्याच जागी रंग लावला तर ठिगळ दिसतं, डब्यातला रंग तोच असला तरी, कारण भिंतीवरचा रंग उजेडाने उतरलेला असतो. म्हणून ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागते. एक भिंत. ‘रंग जुळत नाही’ म्हणून खोलीभर रंगाचं कोटेशन लावणारे होस्ट आहेत, आणि त्यांच्यामुळे तुमच्यासारख्यांच्या प्रतिक्रिया मला वाचाव्या लागतात.

आता काच. शॉवरची कडक केलेली (टफन्ड) काच फुटली की होस्टचा पहिला संशय गेस्टवर जातो. पण ही काच कोणी हात न लावताही फुटू शकते. बनवताना काचेत निकेल सल्फाइडचा बारीकसा कण राहिला असेल तर तो पुढे हळूहळू फुगतो आणि एक दिवस, कधीकधी बसवल्यावर कित्येक वर्षांनी, अख्खी काच दाण्यादाण्यांनी खाली येते. चौकटीत काही भाग टिकून असेल तर तडे जिथून निघाले ती जागा शोधायची. तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे पाठीला पाठ लावून दिसले, तर कणाचा संशय बळावतो. बिजागरी सैल होऊन काचेची कड फरशीला टेकत असेल तर तो देखभालीचा दोष. म्हणून माझा सल्ला: काचेचा क्लेम करण्याआधी तुकडे झाडू नका, आधी फोटो. आणि गेस्टला पहिला प्रश्न ‘कसं फोडलंत?’ असा नाही, ‘तुम्हाला लागलं तर नाही ना?’ असा.

सिगारेटच्या वासावर फार लिहीत नाही. वासाचा फोटो निघत नाही. राख, थोटुक, जळका डाग, आणि पुढच्या कोणी पाऊल ठेवण्याआधी सफाईला आलेल्या व्यक्तीने चॅटमध्ये लिहिलेली नोंद, यातलं काहीच नसेल तर पडदे धुवायचे आणि गप्प बसायचं.

हे झालं ‘कुठलं’. ‘किती’ हा दुसरा भाग, आणि तिथे होस्ट चुकतात हे मी तुमच्या आधी लिहिलंय. आकडा सोपा म्हणून गादीची खरेदी किंमत १०० धरा, आयुष्य ८ वर्षं, वापर ३ वर्षं झालेला. उरलं ५/८, म्हणजे ६२.५. गेस्टच्या केसांच्या कलपाने गादी कायमची खराब झाली, धुऊनही निघत नाही, तर वरची मर्यादा ६२.५. नव्या गादीचे १०० नाहीत. धुलाईने १५ मध्ये डाग निघत असेल तर क्लेम १५ चा. गादी आठ वर्षांची झालेली असेल तर क्लेम शून्य, मग डाग कितीही मोठा असो. आणि गादीवर पाणी न झिरपणारं आवरण घातलंच नव्हतं, तर मी होस्टलाच विचारेन की इतक्या माणसांना झोपवताना तुमची अपेक्षा काय होती. चार खुर्च्यांपैकी एक मोडली तर एकीचे पैसे. ‘सेट बिघडला’ हे वाक्य मी ज्या क्लेममध्ये वाचतो तिथे पुढचं वाचताना भुवया वर जातात. ते मॉडेल खरंच बंद झालंय हे दाखवता आलं तर बोलू.

यात सोय कुठे आहे, तेवढं दाखवा.

बाकीचे मुद्दे पटापट. पैसे परत यायला आठवडे लागतात म्हणता. आधी ते घेतले होते की नुसते अडवून ठेवले होते, हे बघितलंत का? कार्डावर रक्कम अडवली जाते तेव्हा होस्टच्या खात्यात काहीच आलेलं नसतं. होस्टने मोकळी केली तरी तुमच्या बँकेत ती दिसायला काही दिवस जातात, आणि डेबिट कार्ड असेल तर तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. चीड येणं स्वाभाविक, पण पत्ता चुकतोय. हा अडसर अनेकदा साधारण आठवडाभरच टिकतो. त्यामुळे दहा रात्रींच्या मुक्कामाला चेक-इनच्या दिवशी अडवलेली रक्कम चेकआउटपर्यंत आपोआप सुटलेली असू शकते, आणि होस्ट डिपॉझिट हातात आहे अशा समजात असतो. लांबच्या मुक्कामात मध्येच नव्याने अडवावी लागते, आणि तसं बुकिंगच्या अटींत आधी लिहिलेलं असावं लागतं.

उशिराबद्दल इतकंच. एअरबीएनबी या घरांच्या बुकिंग साइटवर होस्टला चेकआउटपासून १४ दिवसांत भरपाईची मागणी टाकावी लागते. मागणी गेली की गेस्टला उत्तर द्यायला २४ तास, त्यानंतर होस्ट कंपनीला मध्ये घेऊ शकतो. काही होस्ट तेराव्या दिवशी जागे होतात. माझा नियम सगळ्यांना सांगतो तोच: गेस्ट निघाला की चादर ओढायच्या आधी सगळ्या खोल्यांचे फोटो, कारण सफाई सुरू झाली की फुटलेले तुकडे कचऱ्यात आणि डाग पाण्यात जातो. नुकसान दिसलं तर २४ तासांच्या आत गेस्टला साधा निरोप, त्यात रक्कम नाही, फक्त फोटो आणि ‘हे कसं झालं असेल?’. रक्कम कोटेशन आल्यावर. आणि हे सगळं पुढचा गेस्ट दारात यायच्या आत. मध्ये दुसरं कोणी राहून गेलं की डाग कोणाचा हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

चेक-इनच्या वेळी गेस्टनेही फोटो काढून होस्टला पाठवावेत ही तुमची सूचना ठीक आहे. लेखात नव्हती, कारण लेख होस्टसाठी होता.

राहिलं तुमचं बेसिन. फोटो न पाहता निकाल देणार नाही, पण तुम्ही स्वतः बघू शकता. होस्टने पाठवलेला टवक्याचा फोटो मोठा करा. ताज्या टवक्याची कड धारदार असते आणि आतला भाग स्वच्छ, कोरडा, निस्तेज दिसतो. वरचा चकचकीत थर उडालेला भाग खरखरीत असतो आणि मळ धरतो. काही आठवड्यांत तिथे साबणाचा थर बसून तो पिवळट-करडा होतो, कड बोथट वाटते. फोटोत आतला भाग मळका दिसत असेल तर तो टवका तुमच्या आधीपासूनचा आहे, तुम्ही कितीही कबुली दिली असलीत तरी. (दिली होतीत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.)

ताजा असेल तर पुढचा प्रश्न: टवक्यापासून तडा निघालाय का? बेसिन कोरडं करून टॉर्च आडवा मारायचा, बोटाच्या पेराने वाजवायचं. शाबूत सिरॅमिक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. तडा नसेल आणि टवका काठावर असेल तर भरणी करून, घासून, वर चमक देऊन काम होतं. त्याला अख्ख्या बेसिनच्या किमतीचा एक छोटा भाग पुरतो. तडा असेल तर बेसिन बदलावंच लागतं. तरी पूर्ण किंमत नाही. आयुष्य वीस वर्षं धरलं आणि बेसिन दहा वर्षांचं असेल तर वस्तूची निम्मी. बसवण्याची मजुरी वेगळी, तिचं कोटेशन वेगळं.

तेव्हा होस्टकडे तीन गोष्टी मागा: तुम्ही येण्याआधीचा त्याच कोनातला फोटो, बेसिनच्या खरेदीचं बिल, आणि दुरुस्तीचं लेखी कोटेशन, नवीन बसवण्याचं नव्हे. मागणी बुकिंगच्या चॅटमध्येच करा, फोनवर नको. पहिली गोष्ट नसेल तर नकार द्या. दुसरी नसेल तर वयाप्रमाणे कपात मागा. तिसरी न देता तो नव्या बेसिनवरच अडून बसला, तर त्या होस्टबद्दल तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त तो होस्ट मी नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, ‘तुम्ही लोक’सकट तशीच ठेवली आहे.