जावोर्स्की निवृत्त झालाच नव्हता

एकच मजकूर गेल्या पंधरवड्यात तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. सारांश असा: ‘फिलिपिन्सकडून शिका. तिथे मोठा बास्केटबॉलपटू निवृत्त झाला की प्रशिक्षक होतो, मग प्रशासनात जातो. रॉबर्ट जावोर्स्की तर सिनेटर झाला. तिथला खेळ खेळाडूंच्या हातात आहे, म्हणून टिकून आहे. आपल्याकडे खुर्चीवर पुढारी.’

शेवटचं वाक्य मराठी माणसाला लगेच पटतं. मुंबई क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत २००१ साली अजित वाडेकर शरद पवारांकडून हरले आणि २०११ साली दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून. हे ज्याच्या लक्षात आहे, तो असला मजकूर पूर्ण न वाचताच पुढे ढकलतो. मीही ढकलला असता, पण फिलिपिन्सचा बास्केटबॉल हे माझं जुनं वेड आहे.

‘निवृत्त झाला की प्रशिक्षक होतो.’ जावोर्स्की निवृत्त झालाच नव्हता. १९८५ साली फिलिपिन्सच्या व्यावसायिक लीगमधल्या जिनेब्रा संघाची सूत्रं त्याच्याकडे आली तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि स्वतः खेळत होता. प्रशिक्षक तोच, खेळाडूही तोच. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका सामन्यात प्रतिस्पर्धी संघातल्या जेफ मूरचं कोपर तोंडावर बसून त्याचा ओठ फाटला. हॉस्पिटलात जाऊन तो टाके घालून घेऊन आला, तोवर सामना शेवटच्या टप्प्यात पोचला होता. पठ्ठ्या तसाच मैदानात उतरला आणि हरत आलेला सामना जिनेब्राने जिंकला. ‘शेवटपर्यंत हार मानायची नाही’ ही त्या संघाची ओळख तिथून घट्ट झाली. सूट घालून बाकावर बसणाऱ्या प्रशिक्षकाकडून ती झाली नसती. पन्नाशी गाठली तरी त्याचं नाव खेळाडूंच्या यादीत होतंच. म्हणजे जी पायरी-पायरीची वाट मजकुरात दाखवली आहे, तिची पहिली पायरीच तिथे नाही.

आणि हा काही आदर्श सज्जन खेळाडू नव्हता. पंचांवर हात उचलल्याबद्दल १९७१ साली त्याच्यावर आजन्म बंदी आली होती. ती १९७३ साली उठली आणि त्याच वर्षी मनिलात फिलिपिन्सने आशियाई विजेतेपद मिळवलं, संघात जावोर्स्की होताच. मजकुरात हे का नाही ते कळतं.

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतो, असंही मजकुरात सुचवलंय. जावोर्स्कीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं. १९८६, १९८८, १९९१ आणि १९९७ अशी चार विजेतेपदं, शिवाय १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंचा राष्ट्रीय संघ घेऊन रौप्यपदक. पण १९९१ ते १९९७ या मधल्या काळात एकही करंडक नाही, हेही त्याच खात्यात मांडायला हवं.

आता १९८८ची अंतिम लढत बघा. जावोर्स्कीचा जिनेब्रा संघ तेव्हा अन्येहो रम या नावाने खेळत होता आणि समोर होता प्युअरफूड्स. प्युअरफूड्सचा मोसम सुरू झाला तेव्हा त्यांचा खेळाडू-प्रशिक्षक होता रामोन फर्नांदेस. लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्याचेच आहेत, १८,९९६. तरी प्रशिक्षकपद त्याला मोसमाच्या मध्यातच सोडावं लागलं. अंतिम मालिकेत तर त्याला बाकावर बसवलं गेलं, पुढे संघातूनच गेला. गंमत म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला! त्याच वर्षी त्याच खेळाडूला खेळायचं कसं हे पक्कं ठाऊक होतं, संघ चालवणं मात्र जमलं नाही.

अजून एक उदाहरण, मला सगळ्यात आवडतं ते. १९९१ साली ॲलन कॅडिकने जावोर्स्कीच्या जिनेब्राविरुद्ध एका सामन्यात ७९ गुण केले, त्यात तीन गुणांचे १७ फटके. जावोर्स्की गेल्यावर जिनेब्राने प्रशिक्षक म्हणून कोणाला आणलं असेल? कॅडिकलाच. ज्याला रोखणं जमलं नाही, त्याच्याच हाती संघ दिला. करंडक आला नाही. तो २००४ साली आला, सिओत तांकिंगसेन या प्रशिक्षकाच्या हाताखाली. खेळाडू म्हणून त्याचं नाव कॅडिकच्या जवळपासही कोणी घेत नाही.

आणि लीगमध्ये सर्वाधिक विजेतेपदं कोणाची? टिम कोनची, पंचवीस. हा लहानपणी फिलिपिन्समध्ये आलेला अमेरिकन, लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही.

‘जावोर्स्की तर सिनेटर झाला.’ झाला, १९९८ ते २००४. पण सिनेट म्हणजे कायदेमंडळ, बास्केटबॉल संघटनेचं कार्यालय नव्हे. लोकप्रियतेवर मतं मिळाली, याला क्रीडा प्रशासन कसं म्हणायचं? २००४ साली त्याच मतदारांनी त्याला घरी बसवलं.

खरं उदाहरण हवंच असेल तर आंब्रोसियो पादिया यांचं घ्यावं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्सचा संघ पाचवा आला, त्याचे हे कर्णधार. पुढे नामांकित वकील, सरकारचे सॉलिसिटर जनरल, सिनेटर आणि सत्तरच्या दशकात फिलिपिन्स ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष. मजकूर लिहिणाऱ्याला यांचं नाव सापडलं असतं तर माझं काम अवघड झालं असतं. तरी त्यांच्या बाबतीत बास्केटबॉल आणि अध्यक्षपद यांच्यामध्ये वीसेक वर्षांची वकिली आणि कायद्याचा व्यासंग आहे, तो वगळून चालणार नाही. फर्नांदेसही २०१६ साली सरकारच्या क्रीडा आयोगावर सदस्य म्हणून गेला. प्रशिक्षकपद जमलं नाही म्हणून पुढची दारं बंद झाली नाहीत, हे मला त्या व्यवस्थेचं बरं लक्षण वाटतं.

‘खेळ खेळाडूंच्या हातात आहे, म्हणून टिकून आहे.’ हे तर सरळ चूक. संघटनांच्या आपसातल्या भांडणापायी आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ साली फिलिपिन्सला निलंबित केलं होतं. ते भांडण मिटवून नवी संघटना उभी राहिली आणि २००७ साली निलंबन उठलं. तिचं अध्यक्षपद गेलं मॅन्युएल पांगिलिनान या उद्योगपतीकडे, ते २०१६ पर्यंत तिथे होते. त्यांच्याच काळात २०१४ साली देश १९७८नंतर प्रथमच विश्वचषकात खेळला. म्हणजे उद्योगपतीच हवेत असंही मी म्हणत नाही, पैसा ओतला की करंडक येतो हा समजही तिथे अनेकदा तोंडावर आपटलाय.

राहिली सुवर्णपदकाची गोष्ट. आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने १९६२ साली सुवर्ण मिळवलं तेव्हा संघात कार्लोस लोयझागा होता. पुढे १९६७ साली प्रशिक्षक म्हणून त्याने आशियाई विजेतेपदही आणलं. मोठा खेळाडू आणि यशस्वी प्रशिक्षक, मजकुराला हवा तसा माणूस, पण त्याचं नावच त्यात नाही. आशियाई क्रीडा स्पर्धेतलं १९६२नंतरचं सुवर्ण यायला मात्र २०२३ साल उजाडलं. हांगझोऊत उपांत्य सामन्यात चीनला ७७-७६ आणि अंतिम सामन्यात जॉर्डनला ७०-६० असं हरवलं, आणि बाकावर प्रशिक्षक म्हणून उभा होता टिम कोन.