ह्यातला आपला पोरगा कुठला?

सकाळी चहा गाळता गाळता फोन उघडला आणि दिवसाची माती झाली. आमच्या फुटबॉल क्लबची नवी जर्सी आली म्हणे. व्हिडिओ एक मिनिट दहा सेकंदांचा. त्यात कुणीतरी रीलस्टार बाई गच्चीवरच्या स्विमिंग पूलपाशी जर्सी घालून नाचतेय, मग धूर, मग एक महागडी गाडी, मग परत बाई. आमचे खेळाडू दिसतात चार सेकंद. दोनदा मोजले. तेही खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मुंडकी गायब. खाली मजकूर काय, तर "ड्रॉप इज हिअर, तीन फ्रेंड्सना टॅग करा आणि जिंका".

क्लबचं नाव लिहीत नाही. लिहिलं की त्यांची सोशल मीडियावाली पोरं येऊन खाली आगीचे इमोजी टाकून जातात. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

व्हिडिओ मामांना पाठवला. माझे मामा कोल्हापूरचे, मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी. दहा मिनिटांनी त्यांचा आवाजी निरोप आला, मागे गिरणीची घरघर. "जर्सी बरी हाय. पर आरं, ह्यात खेळतंय कोण?"

हाच प्रश्न त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी स्टेडियमात विचारला होता. जरा वेगळ्या शब्दांत. तो किस्सा ग्रुपवर बऱ्याच जणांना तोंडपाठ आहे, तरी आज परत सांगणार. आज माझा दिवस आहे.

मामा रात्रीच्या गाडीने आले होते. मी मोठ्या हौसेने तिकिटं काढलेली. फ्लडलाइट, मऊ खुर्च्या, हिरवंगार मैदान. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ढुंगण भाजून घेतलेल्या माणसाला मी म्हटलं आता दाखवतो प्रोफेशनल फुटबॉल म्हणजे काय ते. मामा बसले, पानाची डबी काढली, गेटवर काढून घेतली नव्हती हे नशीब, आणि संघ मैदानावर आल्यावर मला विचारलं, "ह्यातला आपला पोरगा कुठला?"

मला उत्तर येईना. म्हणजे येत होतं. एक होता, आपल्याच जिल्हा लीगमधून वर आलेला, पण बाकावर बसलेला. तेवढ्यात मागच्या रांगेतली पाच-सहा पोरं म्हणाली, "काका, सत्तावीस नंबर. आमच्या चाळीतला आहे." त्यांच्याकडे एक पांढरी चादर होती, फॅब्रिक कलरने त्याचं नाव रंगवलेली. घडी घालून मांडीवर ठेवलेली, कारण सिक्युरिटीवाल्याने दोनदा येऊन दम दिला होता. कठड्यावर लावली की खालचा स्पॉन्सरचा बोर्ड झाकला जातो.

चादरीने बोर्ड झाकतो! नव्वद मिनिटं कॅमेऱ्यात दिसणारा बोर्ड, आणि त्याला त्रास कुणाचा, तर एका चादरीचा.

आता लगेच कुणीतरी शहाणा खाली लिहील की क्लब चालवायला पैसा लागतो, पेठेतल्या वर्गणीवर राष्ट्रीय लीग चालत नाही. मान्य. झालं?

मला पैशाचा राग नाहीच. मला राग आहे तो आम्हाला गिऱ्हाईक समजण्याचा, आणि तेही फुटबॉल न आवडणारं गिऱ्हाईक. यांच्या प्रत्येक पोस्टमागे एकच भीती दिसते, की नुसता खेळ दाखवला तर लोक पळून जातील. म्हणून डीजे. म्हणून फॅन झोनमध्ये टॅटू. म्हणून खेळाडूंना डोळे बांधून वडापाव ओळखायला लावायचं. परवा सामना तासाभरावर आला तरी संघाची यादी टाकली नव्हती, पण आमचा सेंटर बॅक हिंदी गाण्यावर ओठ हलवतोय हे वेळेवर आलं. त्या बिचाऱ्याचा चेहरा बघितलात? पहिलीच्या पोराला गॅदरिंगमध्ये ससा केल्यावर होतो तसा.

आणि मराठी? मराठी वर्षातून दोनदा. 27 फेब्रुवारीला आणि 1 मेला. फेटा, नऊवारी, ढोलाचा आवाज आणि "हार्दीक शुभेच्छा". दी दीर्घ. दरवर्षी दीर्घ. दरवर्षी मी कॉमेंटमध्ये सांगतो, दरवर्षी तिथे बदाम येतो.

हे सगळं 2014 पासूनचं दुखणं आहे. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा पोस्टरवर कोण होते आठवा. मालक म्हणून नट नि क्रिकेटर, आणि चाळिशीला टेकलेले परदेशी महारथी. दिल्लीकडे डेल पिएरो, गोव्याकडे पिरेस, पुण्याकडे त्रेझेगे. मीही नाचलो होतो तेव्हा, खोटं कशाला बोलू. डेल पिएरो भारतात खेळतोय म्हणून ऑफिसात सुट्टी टाकली होती. आणि हो, त्या झगमगाटामुळे पहिल्यांदा घरातल्या बायकापोरांनी टीव्हीवर फुटबॉल लावला, तेही मान्य. पण पाहुणे दोन-तीन महिन्यांत घरी गेले. केरळात गर्दी टिकली ती काही तिथल्या संघाचा तेव्हाचा सहमालक सचिन, त्याच्या एकट्याच्या नावावर नाही. मलप्पुरमला सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या सामन्यांना गावंच्या गावं लोटतात, ती माणसं आधीपासूनच होती. आपल्याकडे आधीपासूनची माणसं नव्हती का? मंगळवार पेठ, शिवाजी पेठ काय फोटोशॉपमध्ये बनवल्यात?

कोल्हापुरात लहानपणी मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या पेठांतल्या संघांची मॅच असली की दुपारी गिरणीवर पाटी लागायची, "दळण उद्या". पेठेतल्या बायका सकाळीच डबे टाकून जायच्या, त्यांना माहीत असायचं. जाहिरात म्हणाल तर चौकातला एक काळा फळा. खडूने दोन्ही संघांची नावं, खाली "सायं. 4 वा." बस. तालमीतली पोरं, गल्लीतलीच. परवा ज्याने उसनं पीठ नेलं तोच आज राइट विंगला. त्याने सोपा गोल घालवला तर रात्री त्याच्या आईलाच ऐकवायची लोकं. तिथे दगडफेकही होते, मॅच थांबते, पोलीस येतात, ते काही मिरवण्यासारखं नाही. पण "आपला कुठला" असं तिथे कुणाला विचारावं लागत नाही.

बरं, कोल्हापूर सोडा, मला गावठी म्हणाल. कोलकात्याचं बघा. मोहन बागान, 1911 साली अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकलेला क्लब. 2020 साली त्याच्या नावापुढे एटीके, म्हणजे आयएसएलमधल्या दुसऱ्या कोलकाता क्लबचं नाव, चिकटवलं. लोकांनी काय केलं? स्वतःच्या क्लबविरुद्ध घोषणा दिल्या, फलक लावले, वर्षानुवर्षं. आणि 2023 मध्ये आयएसएलची ट्रॉफी जिंकल्याच्या रात्री मालकांना जाहीर करावं लागलं की ते नाव काढतोय. काढलं, आणि मागे "सुपर जायंट" जोडलं. पुढचं शेपूट काढून मागे लावलं, हसावं की रडावं. पण काढायला लावलं ना! तिथे लोकांना वाटतं क्लब आपल्या बापाचा आहे. आम्हाला वाटतं आपण पाच टक्के सवलतीचे लाभार्थी आहोत.

आणि खरं मार्केटिंग या लोकांनी पाहिलंच नाही असंही नाही. जून 2018, अंधेरी. भारताने चायनीज तैपेईला पाच गोल मारले, बघायला होते अडीच हजार लोक. दुसऱ्या दिवशी भारताचा कॅप्टन सुनील छेत्रीने फोनसमोर उभं राहून साधा व्हिडिओ केला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ना धूर, ना गाडी. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, स्टेडियम फुल्ल, वरून धो धो पाऊस. मी होतो तिथे. बूट दोन दिवस वाळले नाहीत. एका माणसाने लोकांना माणसासारखं बोलावलं आणि लोक आले. यासाठी कुठली एजन्सी लागते?

थांबा, चहा परत गरम करून आलो.

त्या किश्श्याचं पुढचं राहिलं. 83व्या मिनिटाला सत्तावीस नंबर उतरला. त्याचा पहिला सामना. निवेदक त्या वेळी काय करत होता? ईस्ट स्टँडमधल्या एका जोडप्याला मोबाइल कंपनीचं कुपन देत होता. मोठ्या स्क्रीनवर ते जोडपं. पोराचं नावच पुकारलं नाही. मागची पोरं गप्प, एकमेकांकडे बघतायत. मामा उठले. पासष्ट वर्षांचा माणूस, तोंडात पान. मागे वळून म्हणाले, "बसलाय काय? काढा ती चादर." आणि स्वतः एक टोक धरून कठड्यावर टाकली. सिक्युरिटीवाला आला, मामांनी त्याला विचारलं, "तू कुठल्या गावचा?" तो म्हणाला, बीड. मग काय बोलले देव जाणे, पण चादर शेवटपर्यंत राहिली. पोराने सात मिनिटांत दोनदा चेंडूला पाय लावला, एकदा घसरून पडला. आम्ही गोल झाल्यासारखे ओरडलो.

क्लबच्या पेजवर त्याच्या पदार्पणाची पोस्ट दोन दिवसांनी आली. आडनाव चुकलेलं.

एवढं लिहून राग जरा उतरलाय. त्या रीलवाल्या बाईंचा काही दोष नाही, त्यांनी आपलं काम केलं. सोशल मीडियाची पोरंही पंचवीस-पंचवीस वर्षांची असतील, वरून सांगतात ते करतात. जर्सीचा रंग तर झकास आहे, आणि हो, मी ऑर्डर केलीय, हसू नका. पाठीवर सत्तावीस टाकायचं होतं. वेबसाइटवर नावांच्या यादीत तो नाही. फक्त परदेशी चार आणि कॅप्टन.

आता कामाचं. येत्या रविवारी मामा परत येतायत आणि या वेळी हलगी घेऊन. मागे आमचा ढोल गेटवर अडवला होता, "वाद्यासाठी आधी ई-मेलवर परवानगी घ्या" म्हणून. तो ई-मेल आयडी कुणाकडे असेल तर कॉमेंटमध्ये टाका. आणि त्या चाळीतल्या पोरांना कुणी ओळखत असेल तर सांगा, या वेळी चादर थोडी आखूड आणा.