कंपाउंडचा पाहुणा

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडलगत बाराही महिने हिरवंगार, वर पिवळी फुलं, असं काहीतरी पसरलंय. 'हे नक्की काय आहे?' हा प्रश्न सभेत निघाला आणि सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर मी अकरावीला बायोलॉजी घेतलं होतं!

तळमजल्यावरच्या मावशींनी निकालच देऊन टाकला, "अरे, हा पिवळा माका. तेल काढ, केस येतात." हे ऐकताच तिसऱ्या मजल्यावरचे टक्कलवाले काका पिशवी घेऊन उतरले. दुसऱ्या कुणाला ती एकदांडी वाटली. मोबाइलमधलं अॅप तर फोटोगणिक पक्ष बदलत होतं. आपल्याकडे त्याला तिकीट नक्की मिळालं असतं.

शेवटी मी गुडघे टेकून जवळून पाहिलं. वॉचमन धावत आला, "साहेब, काही पडलं का?" पानं जोडीजोडीनं समोरासमोर, जाडसर, तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि बऱ्याच पानांना दोन्ही कडांना एकेक कोपरा बाहेर आलेला, म्हणजे तीन भाग. पिवळ्या माक्याचं पान असं फाकत नाही. एकदांडीचं फूल लांब दांड्यावर एकटं उभं राहतं, पाकळ्या फिकट आणि अंगभर लव. इथे पाकळ्याही गडद पिवळ्या, टोकाला बारीक दाते. फांदी उचलायला गेलो तर ती प्रत्येक पेराशी मुळं रोवून बसलेली.

म्हणजे वेडेलिया. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळ गाव मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. शोभेसाठी जगभर नेली आणि जगातल्या सर्वात उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत जाऊन बसली.

ग्रुपवर हे टाकताच हाहाकार. खजिनदारांनी विचारलं, "एवढी जागा व्यापलीय, मेंटेनन्स कोण भरणार?" मावशी रुसल्या. काकांनी मात्र तेलाची बाटली परत करायला साफ नकार दिला.

ठराव झाला: उपटा! माळीदादांनी दिवसभर खपून सगळं उपटलं आणि तुकड्यांचा ढीग पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकला. पेराचा एक तुकडा ओल्या मातीला लागला की वेडेलियाला आणखी काही लागत नाही. पावसाळ्यात टाकीमागे पिवळाजर्द गालिचा पसरला, आणि कंपाउंडलगतही राहिलेल्या मुळांतून पुन्हा फुटवे आले.

यंदाच्या अहवालात 'सुशोभीकरण' या सदराखाली दोन बगीचे दाखवलेत. माळीदादांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे, आणि प्रास्ताविक मला करायचंय.