त्रिपुरी पौर्णिमेला 'बीव्हर मून' कशासाठी?

आज, ५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा. दारात पणत्या लावून फोन बघितला, तर घरच्या ग्रुपवर मेसेज: 'आज बीव्हर सुपरमून, गरोदर बायकांनी चंद्रप्रकाशात जाऊ नये.' आणि तेवढ्यावर माझ्या भाचीला, सातवा महिना चाललाय तिचा, सासरी खिडक्या लावून आत बसवलंय. ग्रहणाची भीती उचलून आता साध्या पौर्णिमेला चिकटवली! ग्रहणाचंही ते कधी खरं नव्हतंच.

आमचे आबा गिरणीत साच्यावर होते. मी सात-आठ वर्षांचा असताना चंद्र गिरणीच्या चिमणीमागून परातीएवढा वर आला. मी ओरडलो, "आबा, चंद्र मोठा झाला!" त्यांनी मला एक डोळा मिटायला लावला, हात ताणून चिमटीतला फुटाणा चंद्रावर धरायला सांगितला. चंद्र झाकला. रात्री अकराला झोपेतून उठवून परत गच्चीवर नेलं. चंद्र डोक्यावर, लहानसा. तोच फुटाणा, तसाच झाकला.

'सुपरमून' हा शब्द १९७९ साली रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषानं काढलाय, हे किती जणांना माहितीय? चंद्राची वाट लंबगोल, म्हणून तो कधी जवळ, कधी लांब; जवळ असताना पौर्णिमा आली की तिला सुपरमून म्हणायचं, एवढंच. सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, आज सुमारे ३ लाख ५७ हजार. सगळ्यात लांबच्या पौर्णिमेपेक्षा फार तर १४ टक्के मोठा दिसतो. नुसत्या डोळ्यांना ते कळतही नाही. २०११ मध्ये जपानचा भूकंपही याच्याच माथी मारला होता. भूकंप ११ मार्चला, ती पौर्णिमा १९ला! भरती थोडी जास्त येते, हे मान्य. पण सोलापुरात कुठला समुद्र आलाय?

आणि नावं तरी कुणाची? बीव्हर हा उत्तर अमेरिकेतल्या नद्यांवर बांध घालणारा प्राणी, त्याच्यावरून तिकडं नोव्हेंबरच्या पौर्णिमेला 'बीव्हर मून' म्हणतात. आपल्या सीनेकाठी कुणी पाहिलाय? एप्रिलचा 'पिंक मून' गुलाबी नसतोच, तिकडच्या रानफुलाचं नाव आहे ते. त्यांच्या मातीत ती नावं शोभतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आपल्याकडं वटपौर्णिमा आहे, नारळी आहे, कोजागरी आहे, बाराही पौर्णिमांना नावं आहेत. आज शेजारच्या पोराला विचारलं, आज कुठली पौर्णिमा? म्हणाला, बीव्हर. पोटात तुटलं हो.

बरं, या नावामुळं का होईना, आज आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. बरं वाटलं ते बघून. आबा असते तर प्रत्येकाच्या हातात फुटाणा दिला असता.

आत्ताच भाचीला फोन केला. हळू आवाजात म्हणाली, "मामा, खिडकीच्या फटीतून दिसतोय." ४ डिसेंबरला दत्तजयंती, तेव्हाही चंद्र जवळच असणार. तिच्या सासूबाईंशी मी स्वतः बोलणार आहे, हात जोडून. आणि दोघींनाही गच्चीवर नेणार. फुटाणे मी आणतो.