मीठ झाडाला ओल देत नाही: ग्रो लाइटच्या मेसेजला उत्तर

‘ग्रो लाइट हवेतला ओलावा जाळून टाकते. म्हणून लाइट चालू असताना दिवसातून तीनदा पानांवर फवारा मारा. कुंडीखाली खडेमिठाची ताटली ठेवा, मीठ हवेतली ओल खेचून झाडाला देतं. पानांची टोकं करपली की रोज पाणी घाला. प्रत्येक झाडाला ८० टक्के आर्द्रता लागते, त्यासाठी पिशवी चढवा.’ हा मेसेज सध्या इंदुरातल्या मराठी गटांवर फिरतो आहे. परवा तो मावशीपर्यंत पोचला आणि तिने दोन किलो खडेमीठ आणून कॅलेथियाच्या, म्हणजे दमट हवा आवडणाऱ्या शोभेच्या झाडांच्या, कुंड्यांखाली पसरलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

ग्रो लाइट म्हणजे घरातल्या झाडांना उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा. पण सुरुवात मिठापासूनच करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. आषाढात तिला पाणी सुटतं, आणि मे महिन्यात तेच मीठ खडखडीत असतं. मीठ हवेतली ओल केव्हा धरतं याला पक्की सीमा आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या ग्रीनस्पॅन यांनी १९७७ साली वेगवेगळ्या क्षारांचे असे आकडे एकत्र करून छापले. साध्या मिठाचा आकडा २५ अंश सेल्सिअसला ७५.३ टक्के आहे, आणि उन्हाळ्यात तापलेल्या खोलीतही तो फारसा हलत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के तिच्यात आहे तो आकडा, याच्या खाली असेल तर मीठ जवळजवळ ओल धरत नाही. इंदुरात एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. मग ते मीठ खेचणार काय?

समजा, खेचलंच. तरी ते पाणी मिठात राहणार. हवेतून पाणी काढून घेणारी वस्तू हवा कोरडी करते, ओली नाही. कपाटात सादळू नये म्हणून ठेवायच्या डब्या याच तत्त्वावर चालतात. म्हणजे मेसेजमधला उपाय चालला असता, तर उलटाच चालला असता.

खरा धोका पुढे आहे. कुंडीतून निथळलेलं पाणी ताटलीत उतरतं, मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी तळाच्या भोकातून पुन्हा मातीत चढतं. खारट मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पानांची टोकं करपतात, म्हणजे नेमकं ते लक्षण दिसतं ज्यासाठी मीठ ठेवलं होतं. माणूस अजून मीठ टाकतो. ज्यांनी ठेवलं असेल त्यांनी आजच काढा. कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओता. एक लिटरची कुंडी असेल तर तीन लिटर. बोअरिंगचं पाणी नको, नळाला येणारं नर्मदेचं किंवा आरओचं घ्या. पूर्ण निथळल्यावरच कुंडी जागेवर ठेवा.

त्याच मिठाचा एक चांगला उपयोग आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब घाला. मग ते झाकण आणि ह्युमिडिटी मीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, एकाच झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवेत. ६९ दाखवले तर त्याच्या आसपासच्या प्रत्येक आकड्यात ६ मिळवायचे. स्वस्त मीटर पाच-सहा टक्क्यांनी सर्रास चुकतात. मीटर पानांच्या उंचीवर, पण सावलीत ठेवा. थेट लाइटखाली तो स्वतः तापतो आणि आर्द्रता कमी दाखवतो.

आता फवारा. १० बाय १० बाय १० फुटांच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. ३२ अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३४ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते. २५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर जायचं तर त्या खोलीत सुमारे २९० मिलिलिटर पाण्याची वाफ हवी. दाराखिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलत असेल, तर दर तासाला तेवढंच पाणी पुन्हा लागेल. फवाऱ्याचे १२ दाब म्हणजे जेमतेम १२ मिलिलिटर. सगळंच्या सगळं खोलीत टिकलं तरी आर्द्रता सव्वा टक्का वाढते. तीनदा काय, तीसदा मारलं तरी भागत नाही. दगडगोटे घातलेल्या पाण्याच्या ताटल्यांचंही हेच गणित आहे: दिवसभरात पाव-अर्धा लिटर उडतं आणि खोलीभर विरून जातं.

आणि ‘लाइट चालू असताना’ हे कोणी सुचवलं? स्वस्त ट्यूब आणि पॅनल पाण्यापासून सुरक्षित नसतात, ड्रायव्हरला, म्हणजे लाइटला वीज पुरवणाऱ्या डबीला, २३० व्होल्ट येतात आणि फवारा हातातच असतो. हे वाक्य निव्वळ धोकादायक आहे. फवाऱ्याचा एकच खरा फायदा मान्य करतो. कोरड्या, गरम हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड झपाट्याने वाढते, आणि पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुतली की ती उतरते. हे आठवड्यातून एकदा करा, लाइटपासून दूर, मोरीत.

ग्रो लाइट ओलावा जाळते यात अर्धं सत्य आहे, तेवढं देतो. हवेतलं पाणी नाहीसं होत नाही, हवा तापते. झाडं ठेवलेल्या बंद कपाटात २८ अंश आणि ४० टक्के असेल आणि लाइटने तापमान ३४ वर नेलं, तर तेवढंच बाष्प असूनही मीटर २८ टक्के दाखवतो आणि पानातून पाणी जास्त वेगाने उडतं. म्हणून उष्णता कमी करा. ड्रायव्हर कपाटाबाहेर काढा, लाइट पानांपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर न्या आणि उन्हाळ्यात टायमर संध्याकाळी ६ ते सकाळी ६ लावा. झाडाला बारा तास उजेड मिळतो, तोही दिवसातल्या थंड आणि त्यातल्या त्यात दमट वेळी.

रोज पाणी? नाही. कुंडी उचलून वजन पाहा, बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल असताना घातलेलं पाणी मुळं कुजवतं, हवेचा कोरडेपणा त्याने भरून निघत नाही.

८० टक्के सगळ्यांना लागत नाहीत. मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, जेड यांना इंदूरची हवा सोसते. नेचे, कॅलेथिया, मरांटा, अलोकेशिया यांना ५५ ते ७० हवेत. झाडाला चिकटलेली पिशवी लाइटखाली भट्टी होते. पण मागची कल्पना, जागा लहान करण्याची, बरोबर आहे, आणि ती नीट करता येते.

जुनी दोन फुटी माशांची टाकी घ्या: ६० बाय ३० बाय ३५ सेंटिमीटर, म्हणजे ६३ लिटर हवा. ३० अंशाला तिची आर्द्रता २५ वरून ६५ टक्क्यांवर न्यायला एक ग्रॅमही पाणी लागत नाही. ते कुंडीतली माती आणि पानंच देतात. जे खोलीत तासाला पाव लिटर ओतून साधत नाही, ते इथे आपोआप होतं. वर काचेचं झाकण ठेवा, एका बाजूला बोटभर फट. लाइट झाकणाच्या वर, टाकीबाहेर, म्हणजे उष्णता आणि वायर दोन्ही बाहेर राहतात. आत ४ सेंटिमीटरचा ५ व्होल्टचा यूएसबी पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, कारण साचलेल्या दमट हवेत बुरशी धरते. काचेवर दुपारपर्यंत दव राहिलं तर फट वाढवा.

टाकीत न मावणाऱ्या झाडांसाठी घरातला कूलर आहेच. तो तासाला काही लिटर पाणी उडवतो, कूलरची टाकी रात्रीतून रिकामी होते ती त्यामुळेच. समोरची खिडकी उघडी ठेवा आणि झाड झोताच्या बाजूला ठेवा, थेट झोतात नको. पाण्याचं धुकं करणारा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घेतलात तर त्यात आरओचंच पाणी घाला. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार तो धुक्याबरोबर उडवतो आणि पानांवर पांढरी भुकटी बसते. कूलरमध्ये ते क्षार गवताच्या जाळीतच अडकतात.

पाऊस सुरू झाला की टाकीचं झाकण एकदम काढू नका. दमट हवेत वाढलेली पानं पाणी धरून ठेवायला शिकलेली नसतात. फट आठ-दहा दिवसांत रोज थोडी वाढवत न्या, आणि कूलर बंद करून फक्त पंखा चालू ठेवा.