दानपेटीतल्या पैशावर १८ टक्के? साफ खोटं

मावशीने यंदा गावच्या देवळात अन्नदानाचे पाचशे एक रुपये दिले नाहीत. कारण काय, तर मोबाइलवर आलेला मेसेज: 'मंदिराच्या दानावर १८ टक्के जीएसटी, आयकरही मंदिरांनाच, मशिदी-चर्चना सगळं माफ.' २०१७ पासून असले मेसेज फिरताहेत. आता ते माझ्या घरात शिरले, म्हणून लिहितोय.

दानावर जीएसटी नाही. मोबदला घेऊन वस्तू किंवा सेवा पुरवली तर तो लागतो. मावशीच्या पाचशे एकच्या बदल्यात देऊळ तिला काय विकतं? काहीच नाही. बरं, देणगीदाराचं नाव लावलं तर? केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ११ ऑक्टोबर २०१९ चं परिपत्रक काढून वाचा. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून खोली बांधली आणि दारावर किंवा फरशीवर दात्याचं नाव घातलं, तरी कर नाही. त्यात धंद्याची जाहिरात नको, एवढंच. आणि हे उदाहरण परिपत्रकात देवळाच्याच आवारातलं दिलंय! मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेलं नाही, आणि एका म्हाताऱ्या बाईचा हात दानपेटीपाशी आखडला.

'मशिदींना माफ' हेही खोटं. कायद्यात धर्मावरून भेद नाही, असं अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. धार्मिक स्थळाच्या आवारातल्या खोलीचं भाडं दिवसाला हजाराच्या आत असेल तर जीएसटी माफ, हजार झालं की लागू. देवस्थानाचा भक्तनिवास असो की दर्ग्याचा मुसाफिरखाना, नियम एकच.

आयकराची सवलतही नोंदणी आणि अटी पाळणाऱ्या सगळ्याच धर्मांच्या संस्थांना आहे. शिर्डी संस्थानाच्या निनावी दानावर आयकर खात्याने कर मागितला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थानाच्या बाजूने निकाल दिला.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. तामिळनाडूसारख्या राज्यात सरकारी खातं मंदिरांच्या उत्पन्नातून अंशदान घेतं. त्यावर जरूर भांडा. पण तो जीएसटी नव्हे, आयकरही नव्हे. आणि वक्फ मंडळही वक्फच्या निव्वळ उत्पन्नातून ७ टक्क्यांपर्यंत घेत होतं. २०२५ च्या दुरुस्तीने ते ५ वर आणलं.

मावशीचे पाचशे एक उद्या मी भरतोय, पावती तिच्याच नावाची. ज्याने मेसेज टाकला, त्याने त्याच ग्रुपवर तो चुकीचा असल्याचं लिहावं.