नंबर लावून ठेवा, जायचं नंतर बघू

दवाखान्यात अपॉइंटमेंट कुणीही घेतं. खरं कसब ती चुकवण्यात आहे. ‘आज जमत नाही’ असं फोन करून कळवणं तर निव्वळ भोळसटपणा. कळवलंत की रिसेप्शनवरची मुलगी ती वेळ लगेच दुसऱ्याला देऊन मोकळी होणार. आपल्या वेळेवर भलत्याच पेशंटने बरं व्हावं, हे आपल्याला कसं चालेल?

घेताना मात्र सढळ हाताने घ्या. सहाची एकाकडे, साडेसहाची दुसऱ्याकडे. जिथे गाडी लावायला जागा मिळेल तो आपला फॅमिली डॉक्टर. आठवणीचा व्हॉट्सअ‍ॅप आला की दुपारी अंगठा पाठवायचा आणि संध्याकाळी अंगठा दाखवायचा.

हात बसवायला दाताचा डॉक्टर उत्तम. इतर दवाखान्यांत तुम्ही नसलात तर बाकावरचा पुढचा पेशंट आत सरकतो, कुणाला पत्ताही लागत नाही. इथे तुमच्यासाठी पाऊण तास राखून ठेवलेला असतो, हत्यारं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघालेली असतात आणि खुर्ची रिकामी. गैरहजेरीला इथे वजन येतं. रूट कॅनालच्या पहिल्या सीटिंगला ठणका थांबला, वर तात्पुरतं सिमेंट बसलं, की उपचार संपले असं समजा. पुढची तारीख ही डॉक्टरांची हौस. ते सिमेंट झिजतं, कडेने लाळ आणि जंतू आत झिरपतात, मुळाशी पुन्हा पू धरतो. हे ऐन दिवाळीत चकली चावताना कळेल. तेव्हा रात्री अकराला डॉक्टरांच्या मोबाइलवर फोन लावून सांगा, ‘तुम्ही केलेला दात दुखतोय.’ जोर ‘तुम्ही केलेला’वर.

या विषयावर थोरामोठ्यांनी डोकं खपवलंय. १९५२ साली वेल्च आणि बेली या दोघा इंग्रजांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हिशोब मांडला: ओपीडी उघडताना दोन पेशंट एकदम बोलवा, पुढचे एकेक करून, तपासणीला सरासरी लागतो तेवढ्या अंतराने. डॉक्टरही रिकामा नाही, पेशंटही ताटकळत नाही. हिशोबात पेशंट वेळेवर येतात असं धरलं होतं. बिचारे! आपल्याकडे सहाजणांना सहाचीच वेळ देतात, कारण त्यातले निम्मे तुमच्यासारखे. (सहाची वेळ देऊन स्वतः साडेसातला उगवणारे डॉक्टरही आहेत. त्यांना गुरुस्थानी माना.) सहाही जण हजर झाले, त्या दिवशी मात्र जरूर जा. बाकावरून खणखणीत आवाजात विचारा, ‘अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास?’ मग पुढच्या वेळी न जायला कारणही तयार.

दंडाची धास्ती नको. ब्रिटनमध्ये २०२२ साली ऋषी सुनक यांनी अपॉइंटमेंट बुडवणाऱ्यांना १० पौंड दंडाचं बोलून दाखवलं आणि पंतप्रधान झाल्यावर तो विचार गुंडाळला. काही दवाखाने हल्ली फी आधीच जीपेवर घेतात, म्हणे. तिथे दहा मिनिटं आधी पोहोचा.